सोमाली मैत्रीण, मुलींची सुंता आणि सुट्टीतलं आजोळ

केवडा

बरेच दिवस लिहू का नको करत होते. विषय नाजूक आहे, जेवता जेवता मोबाईल बघणाऱ्यांनी नंतर या, आणि ज्यांना हे असलं वाचवत नाही ते इथूनच मागे फिरले तरी मला राग नाही.

मी ओस्लोला राहते, इथल्या बालवाडीत (बार्नेहागे म्हणतात) सहा वर्षं मदतनीस आहे. माझ्याबरोबर एक सोमाली बाई आहे, खरं नाव देत नाही, हलीमा म्हणू. चाळिशी ओलांडलेली, हसरी, नॉर्स्क माझ्यापेक्षा दसपट चांगलं बोलते, पोरं तिलाच चिकटून असतात. मागच्या महिन्यात डबा खाताना सगळ्यांचं चाललं होतं उन्हाळ्यात कोण कुठे जाणार, कुणी डोंगरातल्या लाकडी घरात, कुणी स्पेनला, आणि हलीमा म्हणाली यंदा मी धाकटीला घेऊन हर्गेसाला (सोमालियातून फुटलेल्या सोमालीलँडची राजधानी, तिचं माहेर) जातेय, तिच्या आजीने तिला अजून जवळ घेतलेलं नाही. धाकटी आठ वर्षांची. झालं, टेबलावर एकदम चिडीचूप. दोघी एकमेकींकडे बघतायत, एकजण उगाच डब्याचं झाकण लावत बसली. आणि मी आपली बावळट, अय्या आजोळी! मज्जा आहे पोरीची!

मला त्या शांततेचा अर्थच कळला नव्हता. बसस्टॉपवर हलीमानेच सांगितला. म्हणाली, त्यांना वाटतंय मी पोरीला कापून आणायला नेतेय.

मग त्या दिवशी तीन बसा सोडल्या आम्ही. तिचं स्वतःचं झालं सातव्या वर्षी, इथिओपियातल्या हार्तिशेखच्या निर्वासितांच्या छावणीत, १९८८ ला हर्गेसावर बॉम्ब पडले तेव्हा तिचं अख्खं घर तिकडे पळालं होतं. म्हणजे बघा, घरदार गेलं, खायची मारामार, पण पोरीची सुंता मात्र वेळच्या वेळी झाली. तिने सांगितलेलं सगळं मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की नुसतं कापत नाहीत, कापून दोन्ही बाजू एकत्र शिवून टाकतात आणि लघवीला नि पाळीला एक बारीक भोक ठेवतात, पाय बांधून पडून राहायचं जखम जुळेपर्यंत. आणि हे तिने कसं सांगावं, जसं आपण लहानपणी टॉन्सिल काढल्याचं सांगू तसं.

पण माझा धागा त्याबद्दल नाहीये. मी विचारलं मग तू मुलींचं का नाही केलंस, नॉर्वेत कायदा आहे म्हणून? तर ती हसली. म्हणाली कायदा मला खूप नंतर कळला. सतराव्या वर्षी इथे आले, भाषेच्या वर्गात माझ्या शेजारी एक इराकी आणि एक मोरोक्कोची बाई, दोघी पाच वेळा नमाज पढणाऱ्या, माझ्यापेक्षा कडक. एकदा बोलता बोलता मी विचारलं तुमचं कितव्या वर्षी झालं, तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी काहीतरी घाण बोलले. त्यांनी नावच ऐकलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही, कारण मला आयुष्यभर सांगितलं होतं की याशिवाय मुसलमान बाई शुद्ध नाही, तिचा नमाज लागत नाही. मग नवऱ्याने मशिदीत विचारलं, कुराणात आहे का दाखवा. कुणी दाखवू शकलं नाही. आता ती म्हणते देवाने पोरीला जसं घडवलं तसं ठेवलं, त्यात सुधारणा करणारी मी कोण.

नंतर शोधलं तर हे हलीमाचं एकटीचं नाही. स्वीडनमधल्या सारा यॉन्सडॉटर या मानववंशशास्त्राच्या बाईंनी माल्मोच्या सोमाली लोकांमध्ये वीसेक वर्षांपूर्वी काम केलं, त्यांना हेच सापडलं, परदेशात बाकीच्या मुसलमानांशी गाठ पडली आणि लोकांनी आपलाच धर्म पुन्हा वाचून काढला. आणि इथे ओस्लोत अब्दी गेले नावाच्या संशोधकाने सोमाली लोकांनाच विचारून केलेला अभ्यास २०१२ ला आला, त्यात साधारण सत्तर टक्के लोक म्हणाले हे सगळ्या प्रकारांत बंद व्हायला हवं. त्याच वेळी खुद्द सोमालियात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायकांची सुंता झालेली. एका पिढीत एवढा फरक, आणि माझ्या टेबलावरच्या बायकांना मात्र आजोळ म्हटलं की ब्लेडच दिसतं.

तुमच्यापैकी लंडन, मिनेसोटा, टोरांटोला जे आहेत त्यांचा काय अनुभव?


नाशिकचा_मामा

वाचून अंगावर काटा आला. पण ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका, त्यांचा धर्मच तसा आहे, आपण कशाला डोकं घालायचं. बाकी लिहिलंय छान.


मोडीवाचक

मामा, धागा वाचून प्रतिसाद दिलात का खात्यात भर म्हणून :)

धर्माचं एवढं सोपं नाही. सोमाली भाषेत शिवून टाकायच्या प्रकाराचं नावच गुदनीन फिरऊनी आहे, फिरऊन म्हणजे इजिप्तचा फेरो. म्हणजे लोकांना स्वतःलाच ठाऊक आहे की ही गोष्ट इस्लामच्या आधीची. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिश्चन करत आले, इथिओपियातले ख्रिश्चनही. उलट तुर्की, इराक, मोरोक्को, पाकिस्तान इथल्या बहुतेक मुसलमानांना हे माहीतही नाही. कुराणात याचा उल्लेख नाही.

पण 'धर्माशी काहीएक संबंध नाही' असं जे हल्ली सगळीकडे छापतात ते पण अर्धंच. सोमाली लोक शाफी पंथाचे, आणि शाफींच्या जुन्या ग्रंथांत मुलींच्या सुंतेला चांगलंच स्थान आहे. म्हणून तर २०१८ च्या फेब्रुवारीत सोमालीलँडच्या धार्मिक मंत्रालयाने फतवा काढला तो फिरऊनी प्रकाराविरुद्ध, सरसकट सगळ्याविरुद्ध नाही. त्या आधी २००६ ला कैरोत मोठमोठे धर्मपंडित जमले होते आणि हे चूक आहे म्हणाले होते, पण कैरोचं हर्गेसात कोण ऐकतो.

आणि एक, सोमालीत बिनसुंतेची हा शब्द शिवी आहे. पोरी पोरींना चिडवतात. लहान मुली स्वतःहून आईच्या मागे लागतात की माझं कधी, ही गोष्ट कितीतरी सोमाली बायकांनी सांगितली आहे.


थंडोबा_मिनियापोलिस

रच्याकने आमच्या कोकणातले मुसलमान पण शाफीच, माझं बालपण त्यांच्या शेजारी गेलं, त्यांच्यात हे मी कधी ऐकलं नाही. तेव्हा पंथ एक आणि चालीरीती वेगळ्या असं असू शकतं.

मी ज्या शहरात राहतो तिथे अमेरिकेतली सगळ्यात मोठी सोमाली वस्ती आहे, सीडर रिव्हरसाइड भागात गेलात तर सांबुसे (आपले समोसेच) आणि चहा, वेलची दालचिनी घालून, आपल्यापेक्षा गोड. माझी बायको हॉस्पिटलात दुभाष्यांचं वेळापत्रक लावायचं काम करते त्यामुळे कानावर बरंच येतं.

एक जुना किस्सा सांगतो, कारण तो या धाग्याला चपखल आहे. सिअ‍ॅटलमध्ये हार्बरव्ह्यू नावाचं मोठं हॉस्पिटल आहे. १९९६ मध्ये तिथे बाळंत होणाऱ्या सोमाली बायकांना डॉक्टर नेहमीचा प्रश्न विचारायचे, मुलगा झाला तर सुंता करायची का. त्या म्हणायच्या हो, आणि मुलगी झाली तरी करायची. डॉक्टर हादरले. पण मग त्यांनी बसून बोलणं केलं आणि आयाच म्हणाल्या की आम्हाला शिवणं नको, ते सगळं नको, नुसता एक बारीक छेद, रक्ताचा थेंब, म्हणजे घरच्यांना सांगता येईल की झालं, नाहीतर आम्हाला पोरीला मायदेशी न्यावं लागेल आणि तिथे पूर्णच करतील. हॉस्पिटल विचार करत होतं, भूल देऊन, काहीही कापून न काढता, मुलीच्या संमतीने वगैरे. बातमी फुटली, देशभर बोंब झाली, वर्षअखेर प्रस्ताव गुंडाळला. २०१० ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पुन्हा तसलंच काहीतरी लिहिलं आणि महिन्याभरात मागे घेतलं.

मला अजून कळत नाही यात कोण बरोबर होतं. पण एवढं दिसतं की त्या आया मूर्ख नव्हत्या, दोन्हीकडून दाबलेल्या होत्या आणि त्यातून वाट काढत होत्या.


चंद्रकोर_मिडवाइफ

केवडा, छान लिहिलंयस. मी इंग्लंडमध्ये मिडवाइफ आहे, चौदा वर्षं झाली, त्यातली निम्मी वर्षं सोमाली वस्तीजवळच्या दवाखान्यात. थोडं लांबेल.

इथे आम्ही गरोदर बाई नाव नोंदवायला आली की सगळ्यांनाच विचारतो, तुमची सुंता झालीये का. आधी मला फार अवघड जायचं, आवाजच फुटायचा नाही. आता माहितीये की 'शिवलेलं आहे का, उघडलेलं आहे का' असं सरळ विचारलं की त्याही सरळ उत्तर देतात. शिवलेलं असेल तर बाळंतपणाआधीच, जागा बधिर करून, ती शिवण उघडतात. वीसेक मिनिटांचं काम. एकीची शिवण उघडल्यावर ती दुसऱ्या दिवशी आली नि मला म्हणाली, सिस्टर, मला वाटलं नळ चालू राहिला. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या लघवीच्या धारेचा आवाज ऐकला होता, एरवी थेंब थेंब, दहा पंधरा मिनिटं बसायचं. शाळेत असताना बाथरूममध्ये एवढा वेळ का लागतो म्हणून बोलणी खाल्लेली. ती हसत होती आणि मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले.

आणि बाळंतपण झाल्यावर पूर्वी काही जणी म्हणायच्या परत शिवा. तसं करणं इथे गुन्हा आहे. पण मी गेल्या कित्येक वर्षांत ही मागणी ऐकलेली नाही. उलट नवरेच सांगतात, नको, तसंच राहू दे.

कायद्याबद्दल: इथे पहिला कायदा १९८५ चा. पण पहिला खटला उभा राहायला तीस वर्षं लागली, आणि तो कुणावर, तर एका डॉक्टरवर, ज्याने बाळंतपणानंतर रक्त थांबवायला टाका घातला होता. २०१५ ला ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत त्याला सोडलं. त्याच वर्षापासून आम्हाला आणि शिक्षकांना सक्ती झाली की अठराच्या आतली मुलगी सापडली तर पोलिसांना कळवायचंच. हे मला पटतं. मुलीच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं.

न पटणारं पुढे आहे. ब्रिस्टलमधल्या सोमाली कुटुंबांशी तिथल्याच विद्यापीठाच्या लोकांनी बोलून अभ्यास केला, २०१९ च्या आसपास आला तो. सगळे म्हणत होते आम्ही ही प्रथा सोडली आहे, आमचा विरोधच आहे, पण शाळेला सुट्टीचा अर्ज दिला की घरी माणसं येतात, मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारतात, विमानतळावर अडवतात. एक बाई मलाच म्हणालेली, माझ्या आईने मला एकदा कापलं, तुम्ही दर भेटीत तोच प्रश्न विचारून पुन्हा पुन्हा तिथेच नेता. मी प्रश्न विचारणं सोडलं नाही, सोडू शकत नाही. पण आता आधी चहा विचारते.


सडेतोड

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. भावना पोचल्या. पण धाग्यावर एक गोडगुलाबी रंग चढतोय तो मला खुपतोय.

१. सर्वेक्षणात माणूस खरं बोलतो हे कशावरून? ज्या गोष्टीला तुरुंग आहे ती 'मी करणार' असं नॉर्वेत बसून कोण सांगेल.
२. ब्रिटनमध्ये २०२३ ला एका बाईला दोषी धरलं, पुढच्या वर्षी सात वर्षांची शिक्षा झाली, कशासाठी, तर २००६ मध्ये लंडनमधली तीन वर्षांची मुलगी केनियाला नेऊन तिचं हे करायला मदत केली म्हणून. गुन्हा उघडकीला यायला किती वर्षं लागली बघा. स्वीडनमध्ये १९८२ पासून कायदा, पाश्चात्त्य देशांत पहिला, आणि २००६ ला दोन खटल्यांत शिक्षा झाल्या त्या दोन्ही सोमाली पालकांनाच.
३. सोमालियाच्या २०१२ च्या राज्यघटनेत लिहिलंय की मुलींची सुंता म्हणजे छळ आणि ती निषिद्ध आहे. आणि २०१८ च्या जुलैमध्ये दहा वर्षांची पोरगी रक्तस्रावाने मेली तर बापाने जाहीर सांगितलं की ही आमची संस्कृती आहे. कागदावर लिहून काय होतं.

म्हणून टेबलावरच्या त्या नॉर्वेजियन बायका गप्प बसल्या यात मला त्यांचा द्वेष दिसत नाही. आठ वर्षांच्या मुलीची काळजी दिसते. शंभरातल्या नव्याण्णव आया निर्दोष असतील, शंभराव्या मुलीचं काय?


मोडीवाचक

सडेतोड यांच्या पहिल्या मुद्द्यावर: बरोबर आहे, नुसत्या 'तुमचं मत काय' वर विसंबू नये. पण यॉन्सडॉटर बाईंचं म्हणणं असं की संशयावरून चौकश्या खूप झाल्या, तपासण्या झाल्या, आणि बहुतेक वेळा मुलगी सुखरूप निघाली, मग 'लपवतात म्हणून सापडत नाही' याच्याऐवजी 'करतच नाहीत म्हणून सापडत नाही' हेही उत्तर असू शकतं ना. फ्रान्समध्ये, जिथे आफ्रिकेच्या पश्चिमेकडून आलेले लोक जास्त, तिथे ढिगाने शिक्षा झाल्या, तेव्हा शोधलं तर सापडत नाही असं नाही.

तिसऱ्या मुद्द्याला अनुमोदन.


केवडा

सडेतोड, मी पण हाच प्रश्न हलीमाला विचारला होता, जरा गोड शब्दांत. आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मला कळलं की आपण सगळे चुकीच्या बाईकडे बघतोय. आईकडे बघतोय. बघायला हवं आजीकडे.

एडना अदान इस्माइल माहीत असतील, हर्गेसाला स्वतःच्या पेन्शनच्या पैशातून हॉस्पिटल उभं केलं, २००२ ला सुरू झालं. १९७६ पासून या विषयावर उघड बोलतायत, म्हणजे जेव्हा सोमाली बाई असलं तोंडातून काढायची नाही तेव्हापासून. त्यांचे वडील डॉक्टर, त्यांचा विरोध. ते गावाला गेले असताना आई आणि आजीने आठ वर्षांच्या एडनाचं उरकून टाकलं. परत आल्यावर वडील संतापले पण काय उपयोग. अयान हिरसी अली, त्या सोमाली लेखिका, त्यांची बाकीची मतं बाजूला ठेवा, त्यांचीही गोष्ट अगदी हीच, वडील विरोधात होते, ते तुरुंगात असताना आजीने केलं. म्हणजे शिकलेला बाप नको म्हणतोय आणि आजी म्हणतेय तुला काय कळतं बायकांतलं, उद्या हिला कोण करेल.

ओस्लोत ही आजीच नाही. विमानाच्या तिकिटापलीकडे राहिली. आणि 'कोण करेल' हा धाक पण राहिला नाही, कारण इथे वाढलेली सोमाली पोरं सुंता झालेली मुलगी मागतच नाहीत. मला तरी वाटतं प्रथा अशी गेली, कायद्याने नाही नि भाषणांनी नाही. आजी आणि भीती दोन्ही लांब राहिल्या.

पण आजी व्हॉट्सअ‍ॅपवर आहे! हलीमाची आई दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करते आणि चार पाच वर्षांपासून तिचं एक पालुपद आहे, निदान सुन्ना तरी करा. सुन्ना म्हणजे म्हणे हलकं, नावापुरतं. हलीमा म्हणते सुन्ना हा शब्दच सगळ्यात फसवा आहे, त्याच्याखाली सुईने टोचण्यापासून ते सगळं कापून वर दोन टाके घालण्यापर्यंत काहीही खपतं, कापणारी बाई ठरवणार. आणि परदेशातले पण जे तीसेक टक्के अजून बंद करा म्हणत नाहीत त्यांतल्या बऱ्याच जणांना शिवणं नकोच असतं, त्यांना हेच सुन्ना हवं असतं. म्हणजे शंभरावी मुलगी इथे आहे, सडेतोड.

हलीमा काय करणार आहे तर धाकटीला आजीजवळ एकटीला पाच मिनिटंही सोडणार नाही. आंघोळीला सुद्धा नाही. स्वतःच्या आईच्या घरी सहा आठवडे पहारा. मला म्हणाली, मी माझ्या आईवर प्रेम करते आणि मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, तुमच्या टेबलावर हे कसं सांगू.


चंद्रकोर_मिडवाइफ

हे वाचून आठवलं. इथे सरकारने २०१२ मध्ये एक घडीचं पत्रक काढलं, पासपोर्टात बसेल एवढं, त्यात लिहिलंय की ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलीचं परदेशात जरी हे केलं तरी इतकी इतकी वर्षं तुरुंग. ही आयडिया डच लोकांची, त्यांच्याकडे आधी होती. मला वाटायचं काय बावळटपणा आहे, आजीला इंग्रजी वाचता येणारे का. तर एक तरुण आई म्हणाली, आम्हाला तेच हवं असतं. आईला 'मला पटत नाही' सांगितलं की भांडण, 'मला पटतं गं पण सरकार जेलात टाकेल, पोरं काढून घेतील' सांगितलं की आजी गोऱ्यांना शिव्या घालते आणि विषय संपतो. म्हणजे कायदा पोलिसांपेक्षा सुनांच्या जास्त कामाला येतो, सासूसमोर पुढे करायला. हे आपल्याला वेगळं शिकवायला नको :)


पांढरा_रस्सा

बायकांच्या धाग्यावर घुसतोय, माफ करा. एक बेसिक प्रश्न. हे सगळं पुरुषांसाठीच ना? मग पुरुषांना विचारलं तर ते काय म्हणतात?


थंडोबा_मिनियापोलिस

रस्सा भाऊ, चांगला प्रश्न. माझा टॅक्सीवाला मित्र आहे, मोगादिशूचा, पन्नाशीचा. त्याला मी विचारायची हिंमत एका हिवाळ्यात केली, गाडी बर्फात अडकली होती, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला आमच्या काळी लग्नाची रात्र म्हणजे दोघांनाही शिक्षा, बायको वेदनेने तळमळतेय आणि नवऱ्याकडून अपेक्षा की त्याने मर्दानगी दाखवायची, नाही जमलं तर गावभर. तो म्हणे मी दोन आठवडे खोटं बोललो आणि शेवटी नर्सला बोलावलं. ही लाज त्याने तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्याच्या तिन्ही मुलींचं काही केलेलं नाही. बायका म्हणतात पुरुषांना हवं असतं, पुरुष म्हणतात बायका आपसात ठरवतात, आणि एकमेकांना कुणी विचारलेलंच नसतं.

आणि एक राहिलं. २०१७ ला डेट्रॉइटजवळ डॉक्टरला अटक झाली, सात वर्षांच्या दोन मुली मिनेसोटाहून नेल्या होत्या. मिनेसोटा ऐकल्याबरोबर सगळ्यांनी माना सोमाली लोकांकडे वळवल्या. दोन दिवस ऑफिसात तेच. मुली सोमाली नव्हत्याच. दाऊदी बोहरा होत्या. म्हणजे आपल्याकडच्या. मी ऑफिसात हे सांगितलं का? नाही सांगितलं. गप्प बसलो.


पुण्याची_झैनब

थंडोबांनी विषय काढलाच आहे तर लिहिते. वाचनमात्र असते मी, हा माझा इथला तिसराच प्रतिसाद असेल.

मी बोहरा. पुण्यात वाढले, मराठी शाळेत शिकले, दरवर्षी मे महिन्यात मुंबईला नानीकडे, भेंडी बाजारात. सातव्या वर्षी नानी म्हणाली चल तुला आइस्क्रीम खायला नेते. आइस्क्रीम मिळालं, नंतर. केवडा, तुम्ही 'सुट्टीतलं आजोळ' लिहिलंत ते शीर्षक बघूनच धागा उघडला मी.

आमच्यात शिवत नाहीत, छोटं कापतात, खतना म्हणतात किंवा खफ्ज, आणि ते 'छोटं' हेच आमचं सुन्ना आहे, आमचं आफ्रिकेसारखं नाही असं सगळे सांगतात. सहियो संस्थेने काही वर्षांपूर्वी ३८५ बोहरा बायकांना ऑनलाइन विचारलं तर ऐंशी टक्के जणी म्हणाल्या आमचं झालंय. आणि त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे चालू राहायला नको होतं. सर्वोच्च न्यायालयात २०१७ ला याचिका गेली, २०१८ ला पाच न्यायाधीशांकडे, २०१९ ला शबरीमलाबरोबर आणखी मोठ्या खंडपीठाकडे. अमेरिकेतल्या त्या केसमध्ये तर न्यायाधीशाने १९९६ चा मुलींच्या सुंतेवर बंदीचा कायदाच घटनाबाह्य ठरवला, संसदेला हा कायदा करायचा अधिकारच नव्हता म्हणून, मग २०२१ च्या जानेवारीत नवीन कायदा करावा लागला.

मला हलीमाचा एका गोष्टीत हेवा वाटला. तिला दुसऱ्या मुसलमान बायका भेटल्या आणि तिने विचारलं. माझ्या वर्गात सुन्नी मैत्रिणी होत्या, एकच बाक, एकच डबा. दहा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. आम्हाला सांगितलेलं असतं की हे कुणाशी बोलायचं नाही, आणि आम्ही इतक्या शहाण्या मुली की नाहीच बोललो.


नाशिकचा_मामा

झैनबताई, वरचा माझा प्रतिसाद बघून मलाच लाज वाटली. ४८ वर्षं महाराष्ट्रात काढली, बोहऱ्यांच्या दुकानातून सामान आणतो, आणि मला हे आत्ता कळतंय. मूळ प्रतिसाद संपादित करता येतो का, की तसाच राहू दे?


पुण्याची_झैनब

राहू द्या मामा. त्याच्याखालीच तर सगळी चर्चा झाली.


सडेतोड

केवडाताईंचा आजीचा मुद्दा मान्य. मी नव्याण्णव आणि एक असं गणित मांडलं पण त्या नव्याण्णवातली एक सहा आठवडे पहाऱ्यावर असणारे हे माझ्या गणितात नव्हतं. तरी शाळेने विचारायलाच हवं यावर मी ठाम आहे. कसं विचारायचं ते चंद्रकोरबाईंकडून शिकावं.

तुम्ही त्या टेबलावरच्या बायकांशी बोललात का?


केवडा

बोलले. म्हणजे एकीशी. ती लगेच म्हणाली अगं आम्ही काही बोललो का तिला? मी म्हटलं तेच तर, काही बोलला नाहीत. मग तिने हलीमाला बाजूला घेऊन काय विचारलं ते मला माहीत नाही, पण नंतर दोघी बाहेर बर्फाचे बूट घालून उभ्या होत्या बराच वेळ, मे महिन्यात, इथे तेव्हाही पडतो कधीकधी.

हलीमा शनिवारी निघाली. आदल्या दिवशी मला विचारलं तुला तिकडून काय आणू. माझ्या वहिनीचं बाळंतपण आलंय साताऱ्याला, आई फोनवर कुरकुरत होती की बाळंतिणीसाठी चांगला हिराबोळ मिळत नाही हल्ली, आणि मी कुठेतरी वाचलं होतं की तो सोमालियाकडूनच येतो. म्हटलं तेवढा आण. तिला हिराबोळ कळेना, मग फोनवर फोटो काढून दाखवला, तांबूस खडे.

ती बघत राहिली. मलमल, म्हणाली. आमच्यात याला मलमल म्हणतात. जखम बुजायला लावतात. मला तेव्हा हाच लावला होता, कुटून, त्या दिवशी आणि नंतर कितीतरी दिवस. घरात कुणी जाळला तरी मी उठून बाहेर जाते.

मी म्हटलं अगं मग राहू दे, खजूर आण दोन पाकिटं. तर म्हणाली नाही, बाळंतिणीचं आहे ना, आणते. आईला सांगते बाजारातून घ्यायला. तिला म्हणते पिशवीला तीन गाठी मारून दे.